दोन किल्ल्यांचा शिरस्ता

रावसाहेब त्र्यंबकरावांची व माझी पहिली गाठ ठाण्याच्या सरकारी खजिन्यात पडली. ते तिथले प्रमुख, मी कल्याणचा नवा उमेदवार. त्यांनी नाव विचारले नाही, आधी अक्षर पाहिले. "वाचता येते. बसा," एवढेच म्हणाले. याहून मोठी स्तुती मी त्यांच्या तोंडून पुढे कधी ऐकली नाही.

कोपरीचा मीठवाला असो की बंगल्यातले साहेब, भरणा आलेल्या क्रमानेच घेतला जाई. बड्या मंडळींना हे झोंबे. एक म्हातारा आगरी मात्र ओसरीवर मोठ्याने म्हणाला होता, "ह्यो सायब कोनाचा नाय, म्हनून तो आपला!"

खजिन्याला दोन कुलुपे. एक किल्ली खजिनदाराकडे, दुसरी रावसाहेबांकडे. दोन्ही एका हाती कधी यायच्या नाहीत. हा शिरस्ता ते सोवळ्यासारखा पाळीत.

मी हंगामी खजिनदार असताना कल्याणहून निरोप आला, मुलीचा ताप डोक्यात चढला आहे. रावसाहेब कलेक्टरसाहेबांकडे गेले होते. खरे सांगायचे तर, समोर असते तरी रजा मागण्याची माझी छाती नव्हती. त्यांच्या मेजाहून सुरक्षित जागा कोणती, असा विचार करून मी किल्ली तिथे ठेवली आणि गाडी गाठली. वाटेत चूक उमगली: आता दोन्ही किल्ल्या एकाच हाती येणार होत्या. नोकरी अजून कायम व्हायची होती.

पाठोपाठच्या गाडीने रावसाहेब दारात हजर. सोबत वृद्ध कारकून सखारामपंत. माझी किल्ली पंतांच्या रुमालात बांधलेली.

"मी तिला हात लावलेला नाही," रावसाहेब म्हणाले. "माझी किल्ली मामलेदारांकडे ठेवून आलो. आता तुमच्या हाताने चार्ज पंतांना द्या आणि रजेचा अर्ज लिहा."

"रावसाहेब, माझी नोकरी..."

"रिपोर्ट मला करावाच लागेल, केशवराव. वैद्य कोणता आणलात?"

मग ते मुलीच्या उशाशी तासभर बसले. ताप चौथ्या दिवशी उतरला. माझ्यावर कारवाई झाली नाही, ती का, हे विचारण्याचीही माझी छाती झाली नाही. त्या वर्षी रावसाहेबांची बढती मात्र राहिली.

पुढे दप्तर माझ्याकडे आले, तेव्हा त्या रिपोर्टाची नक्कल सापडली. घडले ते त्यांनी जसेच्या तसे लिहिले होते. शेवटी एक ओळ होती: "मूल आजारी असता कारकुनास माझ्याकडे रजा मागण्याचे धैर्य झाले नाही. हा दोष माझा आहे." ते वाचून मी खुर्चीत बसून रडलो.

आज रावसाहेबांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. ती मुलगी कळव्याला सासरी सुखात आहे. आजवर त्यांच्याकडे काही मागण्याचे धैर्य मला झाले नाही. आज एकच मागतो. रावसाहेब, निरोगी शतायुषी व्हा. हा अर्ज तेवढा नामंजूर करू नये.