ऊन जास्त, मग पाणी कमी कसं?

मंडळी, आज डोकं पार चक्रावलं आहे. जरा समजावून सांगा.

आमचं शेत सिंदेवाहीजवळ. उन्हाळी धान लोंबीवर आलंय आणि सोलर पंपाचं पाणी मात्र हिवाळ्यापेक्षाही कमी येतंय. सकाळी मामाजी, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "हिवाळ्यात सूर्य दक्षिणेले खाली राह्यते, म्हणून पॅनल उभे केले होते. आता तो डोक्यावर आला. आडवे करू."

दोघांनी मिळून बोल्ट सैल केले आणि पॅनल जवळजवळ सपाट केले. धार लगेच वाढली. मी खूश!

पण दुपारी ऊन भाजून काढत होतं, तेव्हा धार पुन्हा बारीक झाली. पंप बसवणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "बाई, पॅनलले उजेड पायजे, गरमी नाई. तापले का वीज कमी बनवते."

मामाजी वैतागले. "मंग सूर्याले काय सांगू? उजेड दे, पण तापू नोको?"

मला हसू आलं, पण बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, भेगा पडायला लागल्यात. उद्या सकाळी ऊन पडल्यापासूनच, पॅनल थंड असताना, पंप चालवून पाहणार आहोत. तुम्ही उन्हाळ्यात पॅनल किती कलते ठेवता? आणि दुपारचं काय करता?