अक्काची गाणी घेतलीत आणि पुसूनही टाकलीत?

मंडळी, आज डोकं फिरलंय माझं.

माझी अक्का गेली. तिनं गायलेली, आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी सगळ्यांना मिळावीत म्हणून मी परदेशातला सर्व्हर भाड्यानं घेऊन टोरेंटवर वाटत होतो; तिथं ज्यानं उतरवलं त्यानं पुढच्यालाही द्यायचं असतं. आज सकाळी तो कायमचा बंद झाला. घरची डिस्क आधीच बिघडलेली. म्हणून ग्रुपवर विनवलं, ज्यांनी उतरवली त्यांनी जरा टोरेंट चालू ठेवा, मला परत घेऊ द्या.

शिरपूरचे एक भाऊ म्हणतात, "नाना, ऐकीसन पुसी टाकात. तुमना सर्व्हर शे ना!"

ऐकून पुसून टाकली म्हणे, तुमचा सर्व्हर आहे ना! अरे, शेजारणीची भाजीची वाटीसुद्धा आपण रिकामी परत धाडत नाही.

संध्याकाळपासून कॉम्प्युटरसमोर बसलोय. कोणाकडे आहे का हो माझ्या अक्काचा आवाज?