द्यामव्वाची गाठ

द्यामव्वाची नजर गेली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. सासरच्यांनी दोन वर्षं तिला चुलीपाशी बसवून ठेवलं आणि मग माहेरी आणून सोडलं. भाऊ तिला गदगला अंधांच्या संस्थेत घेऊन आला. तिथं ती पांढऱ्या काठीनं चालायला आणि ब्रेल वाचायला शिकली, वेताच्या खुर्च्या विणायलाही शिकली. पहिल्या वर्षी बोटं सोलली. दुसऱ्या वर्षी घट्टे पडले. आता चोवीस वर्षं झाली. बाजारामागं तिची स्वतःची भाड्याची खोली आहे आणि ती बसनं एकटी येते-जाते.

संस्थेत खुर्च्या विणणारे सगळे अंध, पण तपासायला मात्र डोळस माणूस बाहेरून यायचा. द्यामव्वाला ते खुपायचं. हिरेमठ व्यवस्थापकांकडं ती वर्षभर लकडा लावून होती. शेवटी कॉलेजच्या तीस खुर्च्यांची तपासणी त्यांनी तिच्यावर सोपवली. अट एकच होती. एकही खुर्ची परत आली, तर तपासणारा पुन्हा बाहेरून येणार.

वेत भिजवून विणतात, आणि सुकला की तो ताणला जातो. म्हणून द्यामव्वा खुर्ची रात्रभर सुकू द्यायची, मग नखानं टिचकी मारून ऐकायची. ताणलेला वेत टणक वाजतो. पास झालेल्या खुर्चीच्या पुढच्या पायाला ती सुतळीची गाठ मारायची. बुधवारी सत्तावीस गाठी झाल्या. तीन खुर्च्या ढिल्या निघाल्या; त्या बिनगाठीच्या राहिल्या, नव्यानं विणून मागाहून द्यायच्या होत्या.

गुरुवारी देणगीदार पाहुणे यायचे होते. सुमंगलाबाई निवृत्त शिक्षिका, संस्थेत मनापासून खपायच्या. त्या सकाळी लवकर आल्या आणि त्यांनी पायांना लोंबणाऱ्या सुतळ्या कात्रीनं कापून टाकल्या. खुर्च्या ओल्या फडक्यानं वरून-खालून घासून ओळीत मांडल्या. पाहुणे खूश होऊन गेले.

दुपारी द्यामव्वानं पहिल्या खुर्चीचा पाय चाचपला. गाठ नव्हती. दुसऱ्याही पायाला नव्हती. तिनं टिचकी मारली, तर आवाज बद्द आला. तिसावी खुर्चीही तशीच वाजली.

झालं ते कळल्यावर सुमंगलाबाई रडवेल्या झाल्या. हिरेमठ म्हणाले, तीन वाजता टेम्पो येतोय, मला तर सगळ्या सारख्याच दिसतायत, पाठवून देऊ.

"सारख्या दिसतात म्हणून तर तुम्हाला तपासायला बसवत नाही, सर," द्यामव्वा म्हणाली. "यातल्या तीन वाईट आहेत. ओल्या वेतात त्या मला सापडणार नाहीत. आज माल जाणार नाही."

"उशीर झाला तर बोल कुणाला लागेल, अक्का? संस्थेची समिती तुझंच नाव घेईल."

"घेऊ दे. फोन लावून द्या."

कॉलेजच्या साहेबांना तिनं स्वतः सांगितलं की तीन खुर्च्यांचं काम कच्चं आहे, शनिवारी देते. ते चिडले. सभा शुक्रवारी होती. तिनं ऐकून घेतलं, पण शनिवार सोडला नाही. टेम्पोवाला रिकामा परत जाताना पुटपुटला, आंधळ्यांचा कारभार. द्यामव्वानं तेही ऐकलं, आणि त्यालाच खुर्च्या व्हरांड्यात वाऱ्याला मांडायला लावल्या.

शुक्रवारी सकाळी तिनं पहिल्यापासून सुरुवात केली. दोन सापडल्या. तिसरी सापडेना. तिनं तीसच्या तीस पुन्हा वाजवल्या. एकविसावीच्या मागच्या कोपऱ्यात एकच पट्टी ढिली होती. तिन्ही खुर्च्यांची वीण तिनं आरीनं उसवली आणि साथीदारांबरोबर संध्याकाळपर्यंत नवी विणली. शनिवारी त्या सुकल्यावर वाजवून पाहिल्या, गाठी मारल्या आणि माल पाठवला.

एकही खुर्ची परत आली नाही. कौतुकाचं पत्रही आलं नाही. दोन महिन्यांनी त्याच कॉलेजच्या आणखी चाळीस खुर्च्या विणायला आल्या, आणि हिरेमठांनी बाहेरच्या माणसाला बोलावलं नाही.

चाळीस गाठी झाल्या त्या दिवशी सुमंगलाबाई दारातच थांबल्या. "अक्का, पुसू का ग?"

"पुसा की. कोरड्या फडक्यानं. आणि कात्री इथं माझ्याकडं द्या."