परीक्षेत कुणाचे वडील वारत नाहीत

आखातातल्या समैस्म्याच्या त्या समुद्राकाठच्या व्हिलात मी कामाला लागले ती लहान मुलगी सांभाळायला आणि भात शिजवायला. विद्यार्थिनी झाले ते नंतर, आणि तेही कुणाला न विचारता.

मॅडम चिनी. साहेब कुठल्याशा प्रोजेक्टवर इंजिनिअर, उजाडायच्या आत घराबाहेर पडायचे. मॅडमना आपल्या गावी परत जाऊन प्राथमिक शाळेत इंग्रजी शिकवायचं होतं. त्यासाठी त्यांच्या देशात शिक्षक पात्रतेची परीक्षा असते. लेखी त्या मागच्या सुटीत जाऊन पास झाल्या होत्या. तोंडीला मात्र उडाल्या. आता दुसऱ्यांदा बसणार होत्या.

ती तोंडी मोठी अजब. परीक्षकांसमोर धडा शिकवून दाखवायचा, पण वर्गात एकही मूल नाही. रिकाम्या जागेला प्रश्न विचारायचा, रिकाम्या जागेनं उभं राहून बरोब्बर उत्तर दिलं असं समजायचं, मान डोलवायची आणि म्हणायचं, "व्हेरी गुड, सिट डाउन प्लीज." पोरगी दुपारची झोपली की मॅडम याचा सराव करायच्या. फळा म्हणून समुद्राकडचं काचेचं दार; त्यावर मार्करनं लिहायच्या. पहिल्यांदा स्वयंपाकघरातून हे पाहिलं तेव्हा बाईला बाहेरचं काहीतरी लागलं असं वाटून मी मनातल्या मनात दुआ पुटपुटले होते.

मग त्यांनी मोबाईलवर भाषांतर करून मला सगळं समजावलं. ऐकून झाल्यावर मी खुर्ची ओढली आणि समोर बसले.

"परीक्षेत तिथं कुणी नसतं," त्या हसत म्हणाल्या.

"घरात आहे," मी म्हटलं.

आमचं बोलणं असंच, मोडक्या इंग्रजीत. मी का बसले, तर या बाईचे माझ्यावर उपकार होते. नवी नवी आले तेव्हा तापानं फणफणले होते, अन्नावर वासना नव्हती. त्यांनी स्वतः पेज करून मला भरवली. हुबेहूब आमची कोकणातली पेज, फक्त मीठ विसरलेली. आणि खरं सांगायचं तर मला त्या खुर्चीत बसायचंच होतं. आमच्या गावातली शाळा सातवीपर्यंत. हायस्कूल खाडीपलीकडे, होडीनं जावं लागे. अब्बा जहाजावर खलाशी होते. मी सातवी पास झाले त्या मे महिन्यात ते जहाजावरच वारले, आणि मी कधी होडीत बसलेच नाही.

माझा नवरा बरवा अल बराहात राहतो, कामगारांच्या वस्तीत, एका खोलीत चौघे. आमची भेट शुक्रवारी. त्याला हे कळलं तेव्हा तो कपाळावर हात मारून घेत म्हणाला, "अगो, याड लागलाय काय तुला? ती पास झाली का ती लोकां चालली आपल्या देशात. मंग तुजा कफील कोण, तुला कामाला ठेवून घेनार कोण? व्हिजा खलास!"

"माहीत आहे."

"माहीत हाय आनि तरी शिकवतेस तिला?"

"मी कुठं शिकवते? मी शिकते."

"सातवी पास बाय चिनी मास्तरीण घडवतेय! पोरीला दुपारची झोपवू नकोस. रडू दे. आपसूक अभ्यास बंद होल."

त्याचं चूक नव्हतं. नवीन काम मिळालं नाही तर मला गावी परतावं लागणार होतं. ही भीती रोज होती. भांडी घासताना, पोरीची वेणी घालताना. पण दुसऱ्या दिवशी पोरगी डोळे चोळायला लागली तशी मी तिला खांद्यावर घेतलं, थोपटून झोपवलं आणि खुर्चीत जाऊन बसले. आपल्या पोटासाठी दुसरीला नापास करायचं? ते माझ्याच्यानं होणार नव्हतं.

एका दुपारी धडा होता घरच्या माणसांच्या कामाचा. मॅडमनी दारावर डॉक्टर, ड्रायव्हर, शेतकरी काढले. मग नेहमीसारखं माझ्याकडे हात करून विचारलं, "व्हॉट डज युवर फादर डू?"

मी उभी राहिले. ठरलेलं उत्तर होतं, माझे वडील डॉक्टर आहेत. ते माझ्या जिभेवर येईना.

"नो फादर," मी म्हटलं. "डेड. ही वॉज ऑन शिप."

"व्हेरी गुड," मॅडम म्हणाल्या, "सिट डाउन प्लीज." आणि दाराकडे वळल्या.

मी बसले नाही. त्या पुढचं वाक्य लिहून वळल्या, तरी मी उभीच. मालकिणीसमोर असं वागतात का? पण खाली बसवेना.

"काय झालं?"

"माझे वडील वारले, त्यात व्हेरी गुड काय आहे?"

त्यांचा चेहरा उतरला. मग चिडल्याच. "परीक्षेत कुणाचे वडील वारत नाहीत! उत्तर बरोबरच येतं. तसंच करायचं असतं."

"मग शाळेत? तिथं मुलं असतील ना? एखादं माझ्यासारखं असेल."

त्यांनी मार्करला टोपण लावलं आणि त्या आत गेल्या. त्या रात्री मी मनात बॅग भरून ठेवली होती. दुसऱ्या दुपारी मात्र त्यांनी स्वतःच खुर्ची मांडली. तोच धडा. मी तेच उत्तर दिलं. त्या जवळ आल्या, जरा वाकल्या आणि हळू विचारलं, "जहाजावर ते काय काम करायचे?" मला इंग्रजी शब्द येत नव्हता, मी हातांनी दोर ओढून दाखवला. त्यांनी दारावर जहाज काढलं, शेजारी लिहिलं, सेलर. पलीकडे खरा समुद्र होता. मग म्हणाल्या, "थँक यू. सिट डाउन प्लीज." तेव्हा मी बसले.

परीक्षेला त्या एकट्याच गेल्या. पोरगी माझ्याजवळ ठेवली, माझ्या भरवशावर. परत आल्यावर सांगितलं, तोच धडा नव्हता, पण त्यांनी रिकाम्या जागेतल्या एका मुलीचं उत्तर मुद्दाम चुकू दिलं, मग तिच्याजवळ जाऊन वाकून समजावलं. परीक्षकांनी माना वर केल्या म्हणे. चांगल्यासाठी की वाईटासाठी, ते निकालापर्यंत कळलं नाही. निकाल लागला तेव्हा मॅडम स्वयंपाकघरात धावत आल्या आणि माझ्या पिठाच्या हातांसकट मला मिठी मारली. पास. मी शिरा केला, वाटीभर साखर जास्त घातली.

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "झाला समाधान?"

"हो, झालं."

साहेबांचं कॉन्ट्रॅक्ट संपेपर्यंत मला मुदत होती. मॅडमनीच चार ठिकाणी फोन फिरवले. शेवटी दुखानच्या तेल कंपनीच्या वसाहतीतल्या एका घरात काम मिळायचा रंग दिसला. कुटुंब आपल्याकडचं, बाई पुण्याच्या. नवरा मला सोडून बाहेर गाडीत थांबला. मी उतरताना त्यानं बजावलं, "जास्त शानपत्ती करू नको. आदीच नड हाय."

बाई सोफ्यावर बसल्या होत्या. मी समोर उभी. स्वयंपाक विचारला, मुलांचं विचारलं. मग, "शिक्षण?"

इतकी वर्षं मी इथं सगळ्यांना दहावी नापास असं सांगत आले. त्यातल्या त्यात बरं वाटतं ते.

"सातवी," मी म्हटलं. "पुढचं आता करणार आहे. दुपारी मुलं झोपली की एक तास माझा. अभ्यासाला. जमणार असेल तर सांगा."

बाहेर नवऱ्यानं हॉर्न दिला.

"अगं, बस ना," बाई म्हणाल्या.

"आधी उत्तर द्या," मी म्हटलं, आणि उभीच राहिले.