खाणीच्या कॉलनीतला सलीम

काल इथे आखातात, माहूजमध्ये धुळीचं वादळ झालं. पार्किंगमधून घरात शिरेपर्यंत माझा पांढरा सदरा मातकट झाला, आणि मी आरशासमोर राजासारखा मिरवत उभा राहिलो! बायको म्हणाली, "वेड लागलंय का? धुवायला टाका."

आमच्या गावावरच्या डोंगरात बॉक्साइटची खाण होती. तिथल्या कॉलनीतली मुलं डंपरमध्ये बसून शाळेत येत, लाल धुळीने माखलेली. मी जळायचो. शाळेच्या कुंपणाआड गुपचूप सदऱ्याला लाल माती चोळून मगच वर्गात जायचो.

मग खाण बंद पडली. कॉलनी रिकामी होताना माझा मित्र सलीम सामानाच्या ट्रकवर, ट्रंकेवर बसला होता.

"बाळ्या, हात तरी हलव रे!" तो ओरडला.

मी दोन्ही हात खिशात कोंबले. "जा की! मजा आहे तुझी."

"मजा?" म्हणत तो रडायलाच लागला.

त्याच्या मागे माणसं त्याच्याच घराचं दार चौकटीसकट उचकटून काढत होती. आज ते दार मला स्पष्ट दिसतं. तेव्हा मला दिसली ती फक्त ट्रकवरची त्याची जागा.