जवळून फोटो काढणारा माणूस

लेन्स कोणतीही असो, ते ती कॅमेऱ्याला लावत, कॅमेरा डोळ्याला लावत आणि चालू लागत. काउंटर, भिंत, कधी एखादं गिऱ्हाईक आडवं आलं की थांबत आणि म्हणत, "बराबर. इतक्या जवळून कसं दिसतं, तेच पाहायचं व्हतं." लेन्स पारखणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बहुतेक जण दारात उभं राहून रस्त्यापलीकडची पाटी वाचून बघतात. यांचं सगळं उलटं.

नवीन जालन्यात स्टेशन रस्त्याला माझं कॅमेरा दुरुस्तीचं दुकान आहे. जुन्या लेन्सही ठेवतो. हे गिऱ्हाईक कुंभार पिंपळगावचे, लग्नाचे फोटो काढणारे. कॅमेरा बिघडला की एसटीनं माझ्याकडे येत. मला डॉक्टर म्हणत. "डॉक्टर, पेशंट डोळा उघडून न्हाई राह्यला," म्हणजे शटर अडकलेलं असे.

गावातल्या शाळेचा मुलींचा खो-खोचा संघ चांगला खेळू लागला, तसे ते मैदानावर जाऊ लागले. कोणी बोलावलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, "लग्नात सगळे फोटोसाठी थांबतात, डॉक्टर. या पोरी कुणासाठीच थांबत न्हाईत."

मग एक दिवस ते फिशआय लेन्स मागायला आले, समोरचं सगळं वाकवून एका चित्रात घेणारी. मी सांगितलं, मैदानाबाहेर बसून लांबच्या लेन्सनं काढा, चेहरे चांगले येतील. "लांबून सगळेच काढतात," ते म्हणाले. माझ्याकडे तीन लेन्स होत्या. त्यांचा कॅमेरा फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा. पहिली लेन्स आठ एमएमची, तिच्यातून चित्र गोल आलं आणि भोवती सगळा काळोख. "विहिरीत पडल्यावर वर असंच दिसत असंल," ते म्हणाले. दुसरी लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यासाठी बनवलेली. तिच्याच काळ्या कडा चारही कोपऱ्यांत आल्या. "ह्यो दुसऱ्याचा सदरा," म्हणून त्यांनी ती परत केली.

तिसरी पंधरा एमएमची, जुनी, जड. चित्र कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत भरलं. ती लावून ते दुकानभर फिरले आणि शेवटी माझ्या तोंडासमोर वीतभर अंतरावर येऊन थांबले.

"हिचा फोकस सावकाश होतो," मी म्हणालो. "पळत्या खेळाला पुरणार नाही."

"फोकस हातभर अंतरावर बांधून ठेवतो. पोरगीच येईल की तिथं."

काच पुढं फुगलेली आहे, तिला फिल्टर बसत नाही, जपा, हे मी सांगितलं. या लेन्समधून हातभरावरचा माणूसही चार पावलं लांब वाटतो, हे सांगितलं होतं का, ते मला आठवत नाही. पुष्कळदा आठवून पाहिलं आहे.

पुढचं वर्षभर ते खांबाच्या मागं, रेषेबाहेर, मातीत आडवे पडलेले असत. मुलींना म्हणत, "पोरींनो, मी इथं न्हाईच. मला दगड समजा." शीतल नावाची मुलगी खांबाला एका हातानं लटकून जो सूर मारायची, तो त्यांनी असा काढला की तिची पाच बोटं ताटाएवढी आणि तिच्यामागं सगळं मैदान कमानीसारखं वाकलेलं. तो फोटो शाळेच्या ऑफिसात लागला. ते मला मोबाईलवर दाखवून म्हणाले, "बोटाच्या पेरात माती दिसती का? तेवढं बघा."

घनसावंगीच्या सामन्याला मी गेलो होतो. शीतलनं सूर मारला, हात खांबावरून सुटला आणि ती खांद्यावर पडली. लेन्सपासून वीतभर. गळपट्टीचं हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला, असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे काहीच ऐकू आलं नव्हतं. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "फोटोवाल्यामुळं झालं."  त्यांनी कॅमेरा बंद करून पिशवीत ठेवला आणि तिला दवाखान्यात नेणाऱ्या गाडीमागं चालत गेले. पुढच्या आठवड्यात तिची राज्याच्या संघासाठी निवड चाचणी होती. ती हुकली.

काही दिवसांनी त्यांनी लेन्स आणून माझ्या काउंटरवर ठेवली.

"विकायची?"

"न्हाई. नुसती ठेवा. तिनं मला पाहिलं, डॉक्टर. काचेवर आपटू नये म्हणून हात वळवला तिनं."

"तसं ती म्हणाली?"

"ती न्हाईच म्हणून राह्यली. माझं मन राखती."

"कार्डात शेवटचा फोटो असेल. बघितला का?"

"न्हाई," ते म्हणाले आणि बसला उशीर होतो म्हणून उठले.

मी आग्रह केला नाही. मलाही तो बघायचा नव्हता.

नंतर ते पासपोर्ट फोटोच काढत. एकदा मी त्यांच्या गावी गेलो होतो, तेव्हा पाहिलं. माणसाला भिंतीशी बसवून ते स्वतः पार दाराबाहेर, ओट्यावर उभे राहत आणि तिथूनही विचारत, "मी अजून मागं सरकू का?" लोक हसत. रविवारी ते शीतलच्या घरी फळं घेऊन जात, अंगणातच बसत. ती दर वेळी सांगे, "मामा, म्या तुमाला पाह्यलंच न्हाई." ते मान हलवत.

दोन वर्षांनी एका सकाळी त्यांच्या बायकोचा फोन आला. आवाज अगदी सपाट. "डॉक्टरसाहेब, हे गेले. चार दिवस झाले. यांच्या मोबाईलात तुमचा नंबर व्हता. काय आजार व्हता यांना? आमाला तर काहीच सांगितलं न्हाई."

"वहिनी, मी कॅमेऱ्याचा डॉक्टर," मी म्हणालो. मग त्यांनी पुण्यानुमोदनाचा दिवस सांगितला.

त्या दिवशी गेलो. बुद्धवंदना झाली, माणसं पांगली. वहिनींनी कॅमेरा आणून दिला. घनसावंगीच्या सामन्यानंतर त्याला कोणी हात लावला नव्हता. पासपोर्ट फोटो ते लग्नांच्या दुसऱ्या कॅमेऱ्यानं काढत. शीतल आली होती. ती आता कॉलेजात जाते, शाळेतल्या मुलींना खो-खो शिकवते. तिच्यासमोरच मी कार्ड लॅपटॉपला लावलं.

शेवटचा फोटो. तिची नजर लेन्सकडे नव्हतीच. ती पळणाऱ्या मुलीच्या कमरेकडे बघत होती. पाय आधीच रेषेच्या पांढऱ्या फक्कीवरून घसरलेला, खांबावरचा हात सुटलेला. पुढं कोणी माणूस आडवा पडला आहे, हे तिच्या चेहऱ्यावर कुठंच नव्हतं.

"म्या सांगतच व्हते," शीतल म्हणाली. तिनं वहिनींकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. "किती डाव सांगितलं."

"काय दिसून राह्यलं?" वहिनींनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चहाचे कप गोळा केले.

मला हलकं वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. फोटो शीतलच्या मोबाईलवर पाठवला आणि बाहेर पडलो. घनसावंगीची जीप भरत होती. आत एका माणसाची जागा शिल्लक होती आणि ती भरल्याशिवाय ड्रायव्हर निघायला तयार नव्हता. आम्ही उन्हात थांबून राहिलो. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. कोणी आलं नाही, तेव्हा त्यानं तशीच गाडी सुरू केली.