धरणावरचं शीड आणि विहिरीचा दोर

पन्नाशीत बायका गुडघ्याचं तेल आणतात, मी शिडाची फळी आणली. कॉलेजात एनसीसीच्या नौदल विभागात होते. तिथल्या शिबिरात फळीवर उभं राहून वाऱ्यावर शीड हाकायला शिकले होते. पुढं लग्न, अंबाजोगाईत नोकरी, आणि पाणी म्हणजे टँकर कधी येतो एवढंच. यंदा मांजरा धरण काठोकाठ भरलं आणि माझं डोकं फिरलं.

मला तेव्हासारखीच लांब, निमुळती फळी हवी होती. दुकानदारानं फोनवर वय विचारलं, वजन विचारलं. वजन मी जरा आवरतं सांगितलं, तर शेजारी बसलेला नवरा म्हणाला, खरं सांग, बुडशील. खरा आकडा ऐकून दुकानदाराचा सूरच बदलला. तसल्या जड फळ्या आता कोण घेतं, तुम्ही पंपानं हवा भरायची घ्या, आखूड आणि रुंद, शीडही लहान आणि हलकं. आली ती खाटेएवढी रुंद. मी नाक मुरडलं, गुडघे मात्र खूश झाले. घरात जाहीर करून टाकलं, पहिल्याच दिवशी धरणात फेरी मारून माघारी आले तर ठीक, नाहीतर हे शीड उन्हाळ्यात कुरडया वाळवायला.

रविवारी काठावर नवऱ्यानं पंप मारून फळी फुगवली, हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला. ट्रॅक्टर असो की मिक्सर, आमच्याकडं पूजेशिवाय काही सुरू होत नाही. मी चढले, शीड उचललं आणि वारं भरलं. निघाले की मी! तेवढ्यात मागून कुणी पदर ओढावा तशी फळी थांबली आणि मी पाण्यात. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तिथंच. म्हशी धुणारे दोघं काम टाकून बघत राहिले. वय झालं बाई तुझं, मी स्वतःला म्हटलं. रडूच यायचं बाकी होतं, डोळ्यांपुढं शिडावर मांडलेल्या कुरडया दिसत होत्या.

पुन्हा चढायला गेले तर पायात दोर. फळीच्या मागच्या कडीला आमच्या विहिरीवरचा दोर बांधलेला, आणि दुसरं टोक काठावरच्या वेड्या बाभळीला.

"दोर कशाला बांधला?" मी पाण्यातूनच विचारलं.

"हिरीत पवायला शिकलो तवा बापानं माज्या कमरंला बांधलाच की," नवरा म्हणाला. मग पल्याडच्या काठाकडं बोट दाखवून, "वारं तिकडं नेतंय. तिकडून तुला आणायला मला न्हाई जमायचं."

चिडायचं होतं, पण हसूच फुटलं. म्हणजे वय नव्हतं आडवं आलं, दोर होता! सोडा, येते मी माघारी, असं सांगितलं. तो कमरेएवढ्या पाण्यात आला आणि स्वतःच्या हातानं गाठ सोडली.

मग काय विचारता. फळी सुटली ती सुटलीच. मी एकटीच खदाखदा हसत होते, तोंडात पाणी जात होतं, गुडघे कुणाचे होते आठवत नव्हतं. मधोमध पोचल्यावर वळायचं होतं. शीड फिरवलं, पाय बदलले, डगमगले, पण या रुंद खाटेनं मला सांभाळलं. दुकानदाराला मनातल्या मनात दंडवत घातला.

माघारी आले तर नवरा अजून तसाच पाण्यात उभा, दोर हातात. माझ्याकडं बघितलं, फळीकडं बघितलं.

"रुंद हाय लई," तो म्हणाला. "दोघं मावतील का?"

"बसा की," मी म्हटलं, "पण आधी दोर इकडं द्या, कमरंला बांधते तुमच्या."